दोन टोप्या आणि एक सडक

सकाळचं टपाल आलं की भाऊसाहेब मोहरील वकिलांना धक्का बसायचा, आणि तो धक्का बहुतेक वेळा त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी पोस्टाच्या पेटीत टाकलेला असायचा.

एवढ्यावरून तुम्हाला काही कळलं नसेल. मलाही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं, म्हणून जरा नीट सांगतो.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गावात कापसाचं एक जिनिंग, एक टॉकीज, एक नगरपालिका, आणि बाहेरच्या माळावर विद्यापीठानं नुकतंच काढलेलं कॉलेज. मी नगरपालिकेत टायपिस्ट म्हणून नवाच लागलो होतो. भाऊसाहेब नगरपालिकेच्या बांधकाम समितीचे सभापती होते. वकिली त्यांनी सोडली होती की वकिलीनं त्यांना सोडलं होतं, यावर गावात दोन मतं होती. समितीचं काम ते घरच्या बैठकीतूनच चालवायचे, म्हणून मला टाइपरायटरसकट त्यांच्याकडे पाठवण्यात आलं.

धक्का बसणं हा भाऊसाहेबांचा स्वभावच होता. एसटी वेळेवर आली, धक्का. घाटंजीच्या बाजारात वांगी महागली, धक्का. बाभुळगावचे व्याही न कळवता जेवायला आले, धक्का. हातातला पेपर खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे वाटोळे करायचे आणि म्हणायचं, "अरे बाप्पा! मले तं धक्काच बसला!" यात त्रास काही नसे. उलट धक्का बसला की त्यांचा चेहरा उजळायचा आणि आतून स्वयंपाकी चहा आणायचा. ज्या दिवशी गावात धक्का बसण्यासारखं काही घडत नसे त्या दिवशी ते आजारी दिसत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली आणि विद्यापीठाला उद्देशून एक पत्र सांगितलं. पत्र चांगलंच खरमरीत होतं. "विद्यापीठानं आमच्या गावाच्या सडकेत टांग घालणं आता बंद करावं, असं लिही. आन सभ्य शब्दांत लिही." मी सभ्य शब्दांत लिहिलं. सही झाली, तिकीट लागलं, शिपाई गुलाबराव पत्र पेटीत टाकून आला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. "घ्या वकीलसाहेब," तो म्हणाला, "तुमचंच तुमाले." आणि तेच पत्र भाऊसाहेबांच्या हातात ठेवून गेला.

मी ओशाळलो. मला वाटलं पत्त्यात माझीच चूक झाली. मी तसं म्हणणार तोच भाऊसाहेब उठले. पांढरी टोपी काढून त्यांनी खुंटीला लावली, शेजारच्या खुंटीवरची काळी टोपी डोक्यावर चढवली, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले आणि पाकीट फोडून पत्र वाचू लागले. जसजसं वाचत गेले तसतसे त्यांचे ओठ आवळत गेले. मग एक बोट हवेत नाचवून ते म्हणाले, "छे! मुळीच नाही! नगरपालिका स्वतःला समजते तरी कोण? घ्या, उत्तर लिहून घ्या."

मी मॅट्रिक होतो, शुद्धीवर होतो, आणि घाबरलो होतो.

खुलासा गुलाबरावानं केला. विद्यापीठानं कॉलेजसाठी गावात एक स्थानिक समिती नेमली होती, आणि तिचा सचिव म्हणून त्यांना कायद्याची पदवी असलेला, टपाल वेळेवर टाकणारा असा एकच माणूस सापडला होता. नगरपालिकेलाही तोच सापडला होता. दोन्ही पदं भाऊसाहेबांकडे. दोन्ही बाजूंना वाटे, हा आपला माणूस आहे. "मंग काय झालं?" गुलाबराव म्हणाला. "गावात दुसरा रिकामा वकील कोनाकडं हाय?"

आता भांडण कशाचं, ते सांगतो, कारण ते ऐकून मला बसलेला धक्का खरा होता. यवतमाळकडून येणारी जुनी सडक भर बाजारातून जायची. सरकारनं ठरवलं की हायवे गावाबाहेरून काढायचा. नेमका कुठून, ते नगरपालिका आणि विद्यापीठ यांनी आपसांत ठरवून कळवायचं, कारण बाहेरची जागा या दोघांचीच. नगरपालिका म्हणाली, सरळ काढा. सरळ म्हणजे कॉलेजच्या मैदानातून. विद्यापीठ म्हणालं, मैदानाला हात लावू नका, सडक नाल्याच्या अंगानं वळवा.

नाल्याच्या अंगानं म्हणजे आमच्या वस्तीवरून. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी जुनी जागा सोडली आणि नाल्याकडच्या उंचवट्यावर स्वतःच्या हातांनी माती कालवून नवी घरं उभी केली. मधोमध विहार, म्हणजे टिनाच्या पत्र्याची एक खोली. संध्याकाळी तिथे वंदना व्हायची आणि नंतर पोरं अभ्यासाला बसायची. माझं घर, मायची चूल, विहाराची खोली, सगळंच विद्यापीठाच्या त्या वळणात जात होतं. काळी टोपी जिंकली की वस्ती गेली, इतका साधा हिशेब होता. आणि काळ्या टोपीची पत्रं टाइप करत होतो मी.

मायला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच. "तुया हातानं आपलं घर पाडाचं लिहून राह्यला तू? कायले गेला तथी कामाले?"

मी म्हटलं, "माय, वाचवायचं पण मीच लिहितो. एक दिवसाआड."

खरं सांगायचं तर भांडण बघण्यासारखं होतं. पत्र आपल्याच हातानं आपल्याच हाती देता आलं असतं. पण भाऊसाहेबांना ते मंजूर नव्हतं. पत्र पेटीत पडलंच पाहिजे, शिक्का बसलाच पाहिजे आणि पोस्टमननं आणलंच पाहिजे. मधल्या काळात काय उत्तर येईल या काळजीनं ते येरझारा घालत. "सुदाम, तुले काय वाटते? विद्यापीठ ऐकन काय?" मी म्हणे, "भाऊसाहेब, विद्यापीठ तुम्हीच ना?" यावर ते माझ्याकडे असं बघत की मीच काहीतरी अचाट बोललो.

उत्तर आलं की पांढरी टोपी घालून लाकडी आरामखुर्चीत बसून ते वाचत आणि खरोखर हादरत. "अरे बाप्पा! पाह्य, काय लिहिलं हाय! नगरपालिकेले शिक्षणाचा द्वेष हाय म्हणते! मले तं धक्काच बसला, सुदाम!" पाणी मागवत. मग तो मुद्दा खोडायला एखादा नवा मुद्दा काढत, आणि तो इतका चांगला असे की काळ्या टोपीला रात्रभर विचार करावा लागे. दोघांमध्ये काळी टोपी वरचढ होती, हे मला लवकरच कळलं. पांढरी टोपी आरडाओरडा करायची. काळी टोपी बोट नाचवायची आणि एका वाक्यात गप्प करायची.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पांढरी टोपी आपली वऱ्हाडी बोलायची. काळी टोपी चढली की भाषा एकदम पुण्याची व्हायची. मला वाटलं, विद्यापीठ म्हणजे विद्वानांचं काम, तिथे शुद्ध बोलावं लागत असेल.

वेताच्या खुर्चीचा प्रकार मात्र मला लागला. एकदा भाऊसाहेब आत गेले असताना मी सहज तिच्यावर टेकलो. ते बाहेर आले आणि दारातच थबकले. "नाही, नाही, तथी नको," ते घाईघाईनं म्हणाले, आणि मला दुसरीकडे बसवलं. माझ्या मनात काय आलं ते या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवशी मी चहा न पिताच घरी गेलो. पुढे खुद्द नगराध्यक्षांनाही त्यांनी त्याच खुर्चीवरून तसंच उठवलेलं पाहिलं, तेव्हा थोडं बरं वाटलं. पण अढी पुरती गेली नाही.

हे सगळं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण एक दिवस अमरावतीहून मोठ्या इंजिनिअर साहेबांचा निरोप आला की दोन्ही पक्षांची बाजू ते स्वतः ऐकणार आणि सडकेचा निकाल त्याच बैठकीत लावणार. भाऊसाहेबांनी तो कागद वाचला आणि त्यांना धक्का बसला नाही. ते नुसतेच खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हणजे भांडण संपते म्हणा," एवढंच म्हणाले.

बैठकीच्या दिवशी त्यांनी एक हट्ट धरला. नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या होत्या, तरी विद्यापीठाची खुर्ची घरूनच जाईल. गुलाबराव वेताची खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन भर बाजारातून निघाला, मागून भाऊसाहेब, आणि त्यांच्यामागून टाइपरायटर घेऊन मी. पानवाल्यानं विचारलं, "वकीलसाहेब, घर बदलून राह्यले काय?" भाऊसाहेब चालत राहिले.

सभागृह गच्च भरलं होतं. आमची सगळी वस्ती आली होती, बायाबापड्या लेकरांसकट. माय माझ्यामागे भिंतीला टेकून उभी होती. इंजिनिअर साहेब टेबलामागे बसले. समोर एका बाजूला लाकडी खुर्ची, दुसऱ्या बाजूला वेताची. लाकडी खुर्चीत पांढरी टोपी घालून भाऊसाहेब.

ते उठले आणि नगरपालिकेची बाजू मांडू लागले. ती त्यांनी मन लावून मांडली. "साहेब, ह्या लोकायनं आपल्या हातानं घरं बांधली. कोनाच्या दारात उभे नाही राह्यले, कोनाले काही मांगितलं नाही. संध्याकाळी तथी पोरं शिकते. तुमची सडक तथून गेली तं ह्या लोकायनं पुन्हा कोठी जावं? मैदान दुसरीकडं होते. घर दुसरीकडं होत नाही." वस्तीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आजवर आमच्या बाजूनं त्या सभागृहात कुणी इतकं बोललं नव्हतं.

साहेबांनी मान डोलावली आणि वेताच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "विद्यापीठाचे प्रतिनिधी कुठे आहेत?"

"येऊन राह्यले," भाऊसाहेब म्हणाले. पांढरी टोपी काढून टेबलावर ठेवली, खिशातून काळी काढली, झटकून डोक्यावर घातली, चार पावलं चालून वेताच्या खुर्चीत बसले, आणि बोट वर करून म्हणाले, "छे! मुळीच नाही!"

साहेबांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्यांनी नगराध्यक्षांकडे पाहिलं. नगराध्यक्ष छताकडे बघत होते. कुणीतरी मागे फिसकन हसलं. पण काळी टोपी थांबणार नव्हती. "मैदान दुसरीकडे होतं म्हणे! कॉलेजात आता मुली येऊ लागल्या आहेत, त्यांनी खेळायचं कुठे? वर्गाच्या दारावरून ट्रक जाऊ लागले तर शिकवणाऱ्यानं ओरडायचं किती? तुम्ही पुरुष नकाशावर रेघ मारता आणि मोकळे होता..."

"तुम्ही पुरुष" ऐकून सभागृहात जो हशा उठला त्यात मीही होतो. तेवढ्यात मायनं माझं मनगट घट्ट धरलं.

"सुदामा," ती म्हणाली, "हे तं बाई बोलून राह्यली."

"कोणती बाई?"

"वकिलाची. मालतीबाई. म्या इतके साल त्याईच्या परसात काम केलं, मले आवाज वयखू नाही येत काय? बोट बी असंच नाचवे. 'छे, मुळीच नाही.' पुण्याची होती ना. दिवसभर दोघं भांडत. वरनात मीठ कमी की जास्ती, पानी येते की नाही येत, काहीबी. वकील कधीच जिंकला नाही. बाईनं गप्प केलं की म्हने, मले तं धक्काच बसला, आन हासे. मंग दोघं चहा पेत." मायनं वेताच्या खुर्चीकडे हनुवटी केली. "तिची खुर्ची होय ते. तू नागपूरले शिकत होता तवा ताप आला आन गेली बिचारी. तवापासून त्या घरात त्याले कोनी नाही म्हनलं नाही रे."

टोपी, खुर्ची, पुणेरी बोलणं, पेटीतून फिरून येणारी पत्रं, सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. सडकेचं भांडण त्या माणसाला का संपायला नको होतं, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. पण बाई नेहमीसारखी जिंकली तर आमची वस्ती राहत नव्हती.

आता इंजिनिअर साहेब सावरले होते. ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्याकडे विद्यापीठानं आखून दिलेला नकाशा आधीपासून आहे. दोन्ही बाजूंचं आज एकमत झालं तर मी तो बदलीन. नाही झालं, तर सडक नाल्यावरूनच जाईल. मला दुपारच्या गाडीनं परत जायचंय."

भाऊसाहेब वेताच्या खुर्चीतून उठले. काळी टोपी त्यांनी काढली, पण पांढरी घातली नाही. टोप्या बदलतानाचा क्षण सोडला तर त्यांना बोडक्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन खुर्च्यांच्या मधोमध ते उभे राहिले आणि त्या रिकाम्या खुर्चीशी बोलू लागले. आवाज अगदी हळू होता.

"ऐकता काय? आजच्या दिवस ऐका. तुमचं मैदानाचं सगळं बरोबर हाय. पन ही गिरजाबाईची वस्ती होय. आपल्या परसातली गिरजा."

ते थांबले. उत्तराची खरोखर वाट बघत होते. मग खुर्चीत बसले, टोपी मांडीवर धरली आणि बोट वर केलं.

"छे," ते म्हणाले. पुढचे दोन शब्द आलेच नाहीत. बोट हळूहळू खाली आलं. "बरं," ते म्हणाले, त्याच पुणेरी आवाजात, "तुमचंच खरं."

माझ्यामागे माय ओक्साबोक्शी रडू लागली. "बाई असं कधीच नाही बोलली रे," ती म्हणत होती. "जलमात नाही."

सही झाली, नकाशावरची रेघ खोडली गेली, आणि वस्तीनं जयजयकार केला. पोरं नाचत बाहेर पळाली. मी भाऊसाहेबांजवळ गेलो. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते, पण आम्ही पाया पडणं सोडलं होतं, म्हणून नुसताच हात जोडून उभा राहिलो.

"जिंकलो ना सुदाम," ते म्हणाले. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. धक्क्याचं ते वाक्य आलं नाही.

पुढे धक्के बाकीच्यांना बसले. आपला सचिव आणि आपला शत्रू एकच आहे हे विद्यापीठाला निकाल हाती पडल्यावर कळलं, आणि त्यांनी तारेनं भाऊसाहेबांचं पद काढून घेतलं. सभागृहातल्या हशामुळे नगरपालिकेचीही शोभा झाली होती, त्यांनीही सभापती बदलला. विद्यापीठाला पुढे दुसरीकडे मैदान मिळालं. ते पहिल्यासारखं नव्हतं, मुली तशी तक्रार करत, आणि ती बरोबर होती. सडक मात्र झाली. कापसाच्या गठाणींचे ट्रक तिच्यावरून धावू लागले. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसलं की ते लांबून जाताना दिसायचे.

भाऊसाहेबांच्या खुंटीवर दोन्ही टोप्या तशाच टांगलेल्या होत्या. मी अधूनमधून जायचो. गावात त्यांना मान होता, वस्तीत तर विचारूच नका. ते काहीही बोलले की समोरचा हात जोडून म्हणे, "होय वकीलसाहेब, बराबर हाय." मीही तेच म्हणायचो. मला मायचं सगळं बोलणं ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडावर उलट बोलायला जीभ रेटत नसे. एसटी वेळेवर आली तरी आता त्यांना काही वाटेनासं झालं होतं. पेपर उघडा पडून असायचा आणि चहा निवून जायचा.

एका संध्याकाळी मी मायला हे सांगितलं. तिनं लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "चाल."

दीक्षेनंतर तिनं त्यांच्या परसातलं काम सोडलं होतं, आणि त्यानंतर त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. आज ती परसाकडून गेली नाही. पुढच्या दारानं सरळ बैठकीत आली. भाऊसाहेब लाकडी खुर्चीत बसले होते. तिला पाहून गडबडीनं उठले.

"अरे, गिरजाबाई! या, या. यंदा कापूस मस्त हाय म्हनते लोक. चांगलं साल हाय."

मी सवयीनं म्हणणार होतो, होय भाऊसाहेब. पण माय आधी बोलली. तिनं पदर खोचला, एक बोट वर केलं आणि तिला जमेल तितक्या पुणेरी आवाजात म्हणाली, "छे! मुळीच नाही! कापसाले बोंडअळी लागून राह्यली, तुमाले कायचं समजते?"

पुणेरी आवाज पहिल्या वाक्यातच संपला होता. पण भाऊसाहेब थिजून उभे राहिले. मग त्यांनी खिडकीजवळची वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून पुढे आणली आणि मायसमोर ठेवली.

"बसा," ते म्हणाले.

माय जराशी थबकली. माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या काठावर बसली, आणि मग नीट मागे टेकून बसली.

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. डोळे वाटोळे झाले होते आणि भरून आले होते. "सुदाम," ते म्हणाले, "पाह्य, मलेच म्हनते कायचं समजते. अरे बाप्पा! मले तं धक्काच बसला!"

आणि त्यांनी आत वळून स्वयंपाक्याला चहा ठेवायला सांगितलं. तो येईपर्यंत बोंडअळीवर दोघांचं चांगलंच जुंपलं होतं. दिवेलागणीला आम्ही निघालो तेव्हा दोघंही हार मानायला तयार नव्हते, म्हणून माय दारातूनच ओरडून म्हणाली की बाकीचं उद्या सांगते.